साडूंचं भर दुपारचं जेवण

अख्ख्या पनवेल तालुक्यात आयुष्यात एकदाही न चुकलेला एकच माणूस आहे आणि माझ्या नशिबाने तो माझा थोरला साडू आहे. मूळचे कोन गावचे, आता मुक्काम खांदा कॉलनीत. एकदा खारघरला एका साखरपुड्यासाठी आम्ही भलत्याच हॉलमध्ये शिरलो. साडू पोटभर जेवले, नवऱ्या मुलाला चार उपदेश केले आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हॉल हाच व्हता. आपल्या लोकांनीच दुसरीकडं साखरपुडा केला."

असा हा अवतारी पुरुष. तीन वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला आणि त्यात सख्ख्या धाकट्या भावाचंच नाव राहिलं. 'राहिलं' एवढा एक शब्द उच्चारला असता तर भागलं असतं. पण भर हळदीत साडू म्हणाले, "घरच्या मान्साचं नाव छापावं लागत नाय." भाऊ मांडवातून उठून गेला. तो यांच्या घरी येईना, आणि यांनी त्याच्या दारात पाय न ठेवण्याची, त्याच्या घरचं पाणी न पिण्याची शपथ घेतली. त्यानंतर प्रत्येक सणाला साडू जेवताना म्हणायचे, "आज बरं वाटत नाय," आणि अर्ध्या ताटावरून उठायचे. कारण विचारण्याची कुणाची बिशाद नव्हती.

मागच्या महिन्यात नातवाचा पहिला वाढदिवस आला. तेव्हा साडूंनी दोघांच्या हट्टांमधली फट शोधून काढली. जेवण ना यांच्या घरी, ना त्याच्या, हायवेजवळच्या ब्रूपबमध्ये! तिथे बियर तिथल्या तिथे बनते, लाकडाच्या भट्टीत पिझ्झा भाजतात आणि पोरांसाठी घसरगुंडीसुद्धा आहे. साडू स्वतः बियरच्या थेंबालाही शिवत नाहीत. भावाला निरोप मी व्हॉट्सॲपवर धाडायचा, तोही माझ्याच मनाने धाडल्यासारखा.

रविवारी बाराला आम्ही टेबलाशी बसलो. साडूंनी आधी बियरच्या टाक्या दूध डेअरीच्या तपासनिसासारख्या पाहिल्या. मग भट्टीजवळ जाऊन, जन्मात पिझ्झा न खाल्लेल्या या माणसाने तिथल्या आचाऱ्याला लाकडं कशी रचायची ते शिकवलं. खिशातून सुकटीच्या चटणीची पुडी काढून ठेवली. पिझ्झे आले, माझ्यापुढे बियर आली आणि साडूंनी फर्मान सोडलं, "पंगत पुरी झाल्याबिगर कोनी हात लावायचा नाय." पंगतीत एक खुर्ची रिकामी होती. एक वाजला. पिझ्झ्याचा खाकरा झाला, बियरचा फेस बसला आणि उत्सवमूर्तीने गळा काढला. साडू मात्र दरवाजाकडे बघत होते.

शेवटी मीच कोनला भावाच्या घरी फोन लावला. भावाची बायको म्हणाली, "ते धापासून इस्तरीचा शर्ट घालून ओटीवर बसलेत. न्यायला कोनी आलंच नाय."

मी हे साडूंना सांगितलं. आमच्याकडे मानाच्या माणसाला निरोप धाडून भागत नाही, दारात जाऊन त्याला घेऊन यावं लागतं. गावभर हे शिकवत फिरणारे साडूच विसरले होते. त्यांनी चटणीची पुडी परत खिशात घातली. मग म्हणाले, "गाडी काढ."

कोनला फाटकाशी त्यांचे पाय अडखळले. भाऊ ओटीवरून उठला, पण खाली उतरला नाही. साडू फाटक उघडून आत गेले, ओटीच्या पायरीवर बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "पानी दे रे. चुकलं माझं."

भाऊ पाणी आणायला वळला, पण त्याला स्वयंपाकघर सापडेना, इतके त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले. गेल्या तीन वर्षांत दोघांचेही केस पांढरे झाले होते, आणि एकाचे पांढरे होताना दुसऱ्याने पाहिले नव्हते.

साडू दोन तांबे पाणी प्यायले.