बारीक पिन, सी पिन आणि पुण्याची पिन

दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक वायरी आणि दुसरे किस्से. वायरी निदान वर्षाकाठी भंगारवाला येऊन नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून म्हटलं, सांगून टाकावेत!

विंझरला रस्त्याला लागूनच माझा दहा बाय बाराचा गाळा आहे. मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्तीचा. लग्नाआधी मी भोरला हार्डवेअरचा कोर्स केला होता. सासरच्यांना वाटलं, हार्डवेअर म्हणजे खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडा. म्हणून तर दुकान टाकायला लगेच हो म्हणाले! खरं काय ते कळेपर्यंत बोर्ड लागला होता.

आता सकाळी शटर वर केलं की पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, ह्याला कुठली पिन बसंल?"

*

भिकूमामा वरच्या धनगरवस्तीवरचे. मेंढरं राखतात. एकदा चार्जिंगची वायर घ्यायला दोन तास डोंगर उतरून आले.

"मामा, फोन दाखवा."

"फोन घरी. कारभारनीला लागतो."

"मग पिन कुठली ते मला कसं कळणार?"

मी काउंटरवर दोन वायरी ठेवल्या. एक बारीक पिनेची, एक सी-टाइप. मामांनी दोन्ही उचलल्या, डोळे मिटले आणि पिनांच्या तोंडावरून अंगठा फिरवला. "ही गोल तोंडाची न्हवं. आमच्या मोबाईलचं तोंड वर रुंद हाय, खाली निमुळतं. हीच."

आणि बारीक पिन खिशात टाकली.

मी म्हटलं, "चुकली तर परत या, बदलून देते."

"दोन तासाची चढन हाय ताई. चुकून परवडायचं न्हाई."

आठवड्यानं बाजाराला आले तेव्हा मी विचारलं, "बसली का हो मामा?"

मामा माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "दोनशे मेंढरं तोंडावरनं वळखतो म्या. घरातल्या एका मोबाईलचं तोंड वळखायचं न्हाई व्हय?"

*

एका गावच्या ऑफिसातून सकाळीच फोन. तिथला ऑपरेटर घाबराघुबरा. "ताई, अंगठ्याचं मशीन कुणाचाच अंगठा घेत नाही! लवकर या!"

स्कूटी काढून गेले. बघते तर बाहेर म्हाताऱ्या माणसांची ही रांग! सगळ्यांचे हात ओले, आणि व्हरांड्यात लिंबाचा वास. ऑपरेटर भाऊंनी आधी सगळ्यांना हात धुवायला लावले होते. मग लिंबू चोळायला. मग खोबरेल. एका आज्जींना तर सांगून टाकलेलं, "भात लावून लावून तुमच्या रेषाच झिजल्यात. आता काय उपयोग नाही."

आज्जी बिचाऱ्या पायरीवर बसून स्वतःचा अंगठा उन्हात धरून बघत होत्या.

मी टेबलाखाली वाकले. सकाळी झाडलोट करताना कुणीतरी वायरी काढून पुन्हा लावल्या होत्या. मशीनची चपटी पिन नेटच्या वायरीच्या भोकात! ती तिथं बसते हो, अगदी घट्ट बसते. फक्त चालत नाही.

"भाऊ, मशीनची लाइट लागली नव्हती, ते बघितलं नाही का?"

"मला वाटलं, लाइटच गेली असंल त्याची."

पिन शेजारच्या भोकात लावली. लाल उजेड पडला. पहिला नंबर आज्जींचा, आणि पहिल्याच फटक्यात अंगठा लागला!

आज्जींनी पदराला तेल पुसलं आणि भाऊंना म्हणाल्या, "म्हंजी भोक चुकलं तुजं, अन् रेषा झिजल्या आमच्या, व्हय रं?"

*

सारोळ्याला हायवेवर एका मामींचं हॉटेल आहे. मामी हुशार. लोक चहाला थांबतात आणि आधी चार्जर मागतात, हे त्यांनी बरोबर हेरलं. माझ्याकडून सगळ्या प्रकारच्या वायरी नेल्या आणि गल्ल्याशेजारी टांगल्या. पण रोजची कटकट. "मामी, ही नाही ती." "मामी, ती नाही ही."

शेवटी मामींनी प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली. एकीवर "बारीक". एकीवर "सी". आयफोनच्या वायरीवर काय लिहावं? गाडीतून उतरून ती मागणारे कुठले असतात, ते त्यांनी वर्षभर बघितलं होतं. त्यांनी लिहिलं, "पुण्याची".

गंमत म्हणजे कुणाचीच चूक झाली नाही! पुणेकरही गुमान "पुण्याची द्या" म्हणायला लागले.

पुढे आयफोनही सी-टाइपवर आले. मी मामींना मुद्दाम फोन करून सांगितलं, "आता सगळ्यांना एकच पिन. चिठ्ठी काढून टाका."

पुढच्या वेळी गेले तर चिठ्ठी तिथंच. फक्त एक शब्द वाढलेला. "जुनी पुण्याची".

*

वेल्ह्याचे एक काका, शूटिंगवाल्यानं माझ्या कॉम्प्युटरवर ठेवलेला मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्यायला आले. अर्ध्या तासात त्यांची एसटी. कॉम्प्युटरचं पुढचं भोक हाताशी होतं म्हणून मी त्यातच पेनड्राइव्ह लावला. स्क्रीनवर आलं, एक तास बारा मिनिटं.

काकांचा चेहरा पडला. "एसटी चुकली म्हनायची."

मग माझं लक्ष गेलं. त्यांच्या पेनड्राइव्हच्या आतली पट्टी निळी होती. म्हणजे फास्टवाला. मी तो काढून मागच्या निळ्या भोकात लावला. नऊ मिनिटं!

काका चाट पडले. "दोनी भोकं सारखीच तर हायेत!"

"आत निळं असेल ते जोरात पळतं काका. काळं सावकाश. पण दोन्हीकडं निळं पाहिजे."

काका नऊ मिनिटं स्क्रीन बघत राहिले. पेनड्राइव्ह खिशात टाकला, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "ताई, हे आधी कळलं असतं तर पाव्हन्यांचं सत्कार तेवढं निळ्यात घातलं असतं. बाराचा मुहूर्त, तीनला अक्षता पडल्या!"

*

एका शाळेत कार्यक्रम होता. पाहुणे येऊन बसलेले, मुलं सतरंजीवर, आणि पडद्यावर काहीच दिसेना. मला बोलावणं आलं. नवा कोरा लॅपटॉप, प्रोजेक्टरची सी-टाइप वायर, सगळं व्यवस्थित लावलेलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, पिन तर छान बसलीय! मग चित्र का नाही?"

मी लॅपटॉप फिरवून बघितला. "बाई, ह्या भोकातून नुसतं चार्जिंग होतं. चित्र बाहेर जात नाही. सी-टाइपचं असंच असतं, तोंड सगळ्यांचं सारखं, काम वेगवेगळं. त्या दुसऱ्या भोकाशेजारी स्क्रीनचं चिन्ह आहे बघा, तिथं लावू."

तिथं लावली. पडदा उजळला. मुलांनी टाळ्या पिटल्या.

मोठ्या बाईंनी मात्र सुस्कारा सोडला. "आमच्या स्टाफमधेही तसंच आहे हो. दिसायला सगळे सारखे, पण दोघंजण नुसतेच चार्ज होतात."

*

गुंजवण्याचे तात्या माझ्या दुकानात शिरले की आधी आवाज शिरतो. भातशेती करणारा धिप्पाड माणूस. दारावर "ओढा" लिहिलेलं असलं तरी ढकलणार. पण त्या दिवशी आले ते गुपचूप. खिशातून लेकीचा, मनीषाचा फोन काढून काउंटरवर ठेवला.

मी भिंगातून बघितलं. सी-टाइपच्या भोकात मधोमध एक पातळ जीभ असते. ती तुटून बाजूला पडली होती.

"कुणी केलं हे?"

"पाव्हन्यानं."

मी जुनं भोक काढायला घेतलं आणि तात्या सांगायला लागले.

मनीषाला बघायला पाहुणे आले होते. मुलगा चांगल्या नोकरीत, दारात चारचाकी. तात्यांनी मनात सगळं पक्कं केलेलं. पोहे झाले. दोघांना बोलायला ओसरीवर बसवलं. मनीषाचा फोन उतरला होता. मुलगा म्हणाला, "द्या, मी लावतो चार्जिंगला." बोर्डाला तात्यांची वायर लटकत होती.

मनीषा म्हणाली, "ती बारीक पिन आहे. माझा सी-टाइप आहे. नाही बसायची."

"बसते हो! सगळ्या सारख्याच असतात."

"नाही बसत. थांबा, माझी वायर आणते."

ती उठेपर्यंत कट्कन आवाज झाला. मुलगा हसला. म्हणाला, "फोनच नाजूक आहे तुमचा."

पाहुणे गेल्यावर तात्यांनी विचारलं, "पसंत हाय न्हवं?"

"न्हाई."

"काय वाईट हाय त्याच्यात?"

"ऐकत न्हाई, बघत न्हाई. नुसता जोर लावतो."

"म्या वरडायला तोंड उघडलं ताई," तात्या मला म्हणाले, "तर माज्या आधी हीच बोलली. आमची मंडळी. उभ्या जन्मात माज्या मधी बोलली न्हाई कधी. पोह्याच्या ताटल्या उचलता उचलता म्हनाली, 'बरुबर बोलतीया पोरगी. तिला निदान इचारलं तरी कुनी.'"

मी नवं भोक बसवत होते. मान वर केली नाही.

"ताई, एक इचारू?"

"विचारा की."

"म्या सोता आजपातुर कितीदा पिन मोडून आनली हितं?"

खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. मग म्हटलं, "चारदा, तात्या."

तात्यांनी मान हलवली. मी फोन चार्जिंगला लावून बघितला, चालू झाला. त्यांनी तो खिशात ठेवला, दारापर्यंत गेले, थांबले. मग स्वतःचा फोन काढून घरी लावला. तात्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे सगळं मलाही ऐकू येत होतं.

"हॅलो," तात्या म्हणाले, अगदी हळू. "म्या विंझरात हाय. येताना तुला काय आनू?"

पलीकडून त्यांच्या मंडळींचा आवाज आला.

"कोन बोलतंय?"