दुसरा ठोका

ठोक्या हल्ली ड्रम वाजवत नाही. का वाजवत नाही, याच्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या कथा आहेत. कोणी म्हणतं गुडघे गेले, कोणी म्हणतं कान गेले, आणि ज्यांना काहीच ठाऊक नसतं ते छातीठोकपणे सांगतात की दारूने संपला. बिचारा आयुष्यात एकदा बिअर प्यायला आणि तीसुद्धा त्याला बाधली. चाळिशी ओलांडलेला, खांद्यात रुंद, डोक्यावर विरळ होत चाललेला हा माणूस एके काळी हेवी मेटलवाल्यांत नाव राखून होता, हे आज त्याच्या शेजाऱ्यांना पटत नाही. शेजाऱ्यांचं सोडा, तो वाजवायचा तेव्हाही त्यांना पटत नव्हतं.

ठोक्या हे नाव दादाने ठेवलेलं. दादा म्हणजे थोरला भाऊ. वडील गेले, त्यांच्या पाठोपाठ आई गेली, आणि नुकतं मिसरूड फुटलेल्या दादाच्या गळ्यात हे शेंबडं पोर पडलं. पोर हाताला लागेल ते बडवायचं. ताट म्हणू नका, पत्र्याची पेटी म्हणू नका, आजारी शेजाऱ्याचं दार म्हणू नका. दादा कामावरून दमून आलेला असायचा, तरी त्याने कधी हात उगारला नाही. "बडव बाबा, निदान रडत तर नाहीस," एवढंच म्हणायचा.

घराखाली ट्रक दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. तिथे एकदा टेप लागला होता आणि तो ऐकून ठोक्याला वाटलं, टेप बिघडलाय. थोडा वेळ उभा राहिल्यावर कळलं की बिघडलेलं काही नाही, ही माणसं मुद्दाम असं वाजवतायत. एवढा संताप, आणि तो एवढ्या शिस्तीत! पोरगं तिथेच खिळलं. मेकॅनिकने शेवटी त्याच्या हातात पाना दिला आणि म्हणाला, "उभा राहणारच असशील तर हा धरून उभा राहा."

पुढे बंद पडलेल्या एका हॉटेलातला जुना ड्रम सेट दादाने आणला. दादाचं तेव्हा नवीन लग्न झालेलं. दोन खोल्यांच्या घरात सेट मांडल्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. वहिनी म्हणाली, "लग्न केलं एका माणसाशी आणि घरात आलं दुकान." म्हणाली खरी, पण फडताळातली भांडी खडखडायला लागली की तीच उठून त्यांच्यामध्ये फडकी कोंबायची. आईची आठवण ठोक्याला फारशी नव्हती. विचारलं असतं तर त्याने वहिनीकडे बोट दाखवलं असतं.

बँड जमला तो सायकलच्या दुकानाखालच्या तळघरात. गायक दिवसा दाताच्या दवाखान्यात गोड आवाजात फोन घ्यायचा आणि संध्याकाळी तळघरात येऊन असा ओरडायचा, की एकदा वरचा सायकलवाला काठी घेऊन खाली धावत आला होता. या गायकाला सगळे घोगरा म्हणायचे. गिटारवाले दोघे भाऊ होते. एकमेकांशी ते बोलत नसत, पण वाजवताना दोघांत केसाचंही अंतर पडायचं नाही.

हेवी मेटलमध्ये हात सगळ्यांचेच चालतात. ड्रमर ओळखला जातो तो पायावरून. पायाने वाजवायचा मोठा ड्रम असा सुटावा लागतो की ऐकणाऱ्याच्या छातीत धडकी भरली पाहिजे. त्यासाठी बहुतेक जण दोन पेडल ठेवतात आणि दोन्ही पाय झिजवतात. ठोक्याने हट्ट धरला एकाच पायाचा. पाऊल एकदाच खाली न्यायचं आणि त्यात ठोके दोन काढायचे, आधी टाचेकडून एक आणि ती उचलता उचलता चवड्याने दुसरा. बघणाऱ्याला पाय एकदाच गेलेला दिसतो. हे जमायला त्याची तरणी वर्षं गेली. बसमध्ये, जेवताना, कुठेही उजवा पाय चालूच. न्हाव्याने एकदा वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, "तुमचं काय ते उरकून घ्या, मग मी सुरू करतो." पुढे पुढे तो दुसरा ठोका ठोक्याला मारावाच लागेना. पहिला मारला की दुसरा आपसूक यायचा. आता आपल्याला आलं, असं तेव्हा तो म्हणाला.

बँडवर मात्र कोणाचं पोट भरत नव्हतं. दादा ज्या कारखान्यात होता तिथे कुलपांचे पत्र्याचे भाग निघायचे. एकेक प्रेस मशीन दोन पुरुष उंच. पेडल दाबलं की वरचा वजनदार ठोकळा धाडकन खाली येतो, पत्रा कापतो आणि वर जाऊन थांबतो. एक दाब, एक फेरी. मोठ्या मशीनवर माणसं दोन. पुढचा पत्रा सरकवतो आणि पेडल मारतो, मागचा कापलेला तुकडा बाहेर काढतो. काढायला चिमटा दिलेला होता, पण चिमट्याने काम रेंगाळतं म्हणून सगळेच हात घालायचे. हात ठोकळ्याखाली जाऊ नये म्हणून मध्ये जाळी लावायची, असा नियम होता. जाळी भिंतीला टेकवलेली असायची आणि तपासणीला कोणी आलं की तेवढ्यापुरती लागायची. नियम पाळले जातात ते असेच.

दादाने फोरमनजवळ शब्द टाकून ठोक्याला आपल्याच मशीनवर घेतलं. पुढे ठोक्या, मागे दादा. "दुसऱ्या कुणी पेडल मारलं तर मी हात घालत नाही," असं दादा चारचौघांत सांगायचा, आणि ठोक्याची मान ताठ व्हायची.

त्या मशीनचं पेडल फार कडक होतं. ठोक्याच्या लक्षात आलं, की यावर सराव केला तर ड्रमचं पेडल कागदासारखं हलकं लागेल. झालं! चहाच्या सुट्टीत मोटर बंद झाली की बाकीचे चहाला पळायचे आणि हा पेडलवर पाय टाकून बसायचा. टाच, चवडा, टाच, चवडा. फोरमन एकदा खेकसला, "हे काय वाजंत्र्यांचं दुकान आहे?" तर दादाच मध्ये पडला. "मोटर बंद आहे ना साहेब, करू द्या. पोराचा पाय तयार होतोय."

आणि पाय तयार झाला, यात शंका नाही. बँडची पहिली रेकॉर्ड निघाली. एका गाण्यात मधेच सगळं थांबतं आणि नुसता ठोक्याचा पाय चालतो, एवढ्या एका जागेसाठी लोक लांबून यायला लागले. पोरं स्टेजच्या कडेला वाकून त्याच्या बुटाचे व्हिडिओ घ्यायची. चेहरा कोणी घेत नव्हतं, त्याबद्दल घोगरा त्याला चिडवायचा. मग एका मोठ्या बँडने लांबच्या दौऱ्यावर आपल्या आधी वाजवायला बोलावलं. बोलावणं त्या गाण्यासाठी होतं, हे उघड होतं. ठोक्यापेक्षा दादालाच जास्त आनंद झाला. त्याने ही बातमी फोरमनला सांगितली, गेटवाल्याला सांगितली, कुणी नाही भेटलं तर पुन्हा फोरमनला सांगितली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झालं. सकाळची पाळी होती. घाईगडबड काहीच नव्हती, मशीन व्यवस्थित चालत होतं. ठोक्याच्या डोक्यात ते गाणं होतं. त्याने पत्रा सरकवला, पाय खाली गेला. ठोकळा खाली आला, वर गेला, आणि मागून दादाचा हात तुकड्यासाठी आत आला. ठोकळा वर थांबला नाही, तो पुन्हा खाली आला.

दादा ओरडला नाही. "बंद कर," एवढंच म्हणाला, घरात नळ बंद करायला सांगावा तसं. उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

पेडल पूर्ण वर यायच्या आत पुन्हा दाबलं गेलं की मशीन आणखी एक फेरी मारतं, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. पेडल दोनदा दाबलं गेलं का, हाच प्रश्न चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारला. दादा दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणाला, "नाही. क्लच घसरला. मशीनने आपणहून मारलं." साहेबांनी मशीन दिवसभर चालवून बघितलं. ते प्रत्येक वेळी एक फेरी मारून इमानदारीत थांबत होतं. तरी दादा शब्द बदलेना, आणि सगळे कामगार दादाच्या बाजूने उभे राहिले, कारण हात सगळ्यांचेच आत जात होते. शेवटी दोष मशीनवर गेला. दादाला गेटवर बसायचं काम मिळालं.

ठोक्याला खरं काय ते त्याच क्षणी कळलं होतं. तो दुसरा ठोका त्याने मारला नव्हता, आपसूक आला होता. पण पाय त्याचाच होता. उद्या सांगू, दादा घरी आला की सांगू, जखम भरली की सांगू, असं करता करता दिवस गेले. वहिनी दादाच्या शर्टाची बटणं लावताना म्हणायची, "त्या मशीनला आग लागो." ठोक्याला मान हलवावी लागायची. त्या घरात त्याला घास गिळवत नव्हता.

वाजवायला जायचं त्याच्या मनात नव्हतं. दादानेच पाठीस लागून तळघरात पाठवला. तिथे बसला, काठ्या उचलल्या, पाय टाकला. एक ठोका आला. दुसरा आला नाही. पुन्हा टाकला, पुन्हा एकच. पाऊल खाली गेलं की घोट्यापासून लाकूड व्हायचं. डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारून बघितली आणि पाय ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. घोगऱ्याने समजूतदारपणे दुसरं पेडल आणलं, पण डावा पाय म्हणजे नुसताच टेकू. "येईल रे, वेळ लागतो," घोगरा म्हणायचा, आणि दौऱ्याचा दिवस जवळ येत होता.

निघण्याआधी एका रिकाम्या गोदामात रविवारी दुपारी कार्यक्रम ठेवला. दौऱ्याची माणसं बघायला येणार होती. दादा एरवी, "तुमचा गोंगाट मी लांबूनच ऐकेन," म्हणायचा, पण त्या दिवशी हट्टाने आला. स्टेजच्या अगदी कडेला, ठोक्याच्या उजव्या अंगाला, हात खिशात घालून उभा राहिला.

ते गाणं आलं. मधली जागा आली. गिटार थांबल्या, घोगरा थांबला, सगळं गोदाम थांबलं. ठोक्याने पाय टाकला. एक ठोका. मग एक. मग एक. लोकांना आधी वाटलं गंमत चाललीय, कोणीतरी हसलं. मग शिट्ट्या सुरू झाल्या. घोगरा जीव खाऊन ओरडला आणि त्याने गाणं कसंबसं पुढे ओढलं. दौऱ्याची माणसं शेवटपर्यंत थांबली नाहीत.

मागे खुर्च्यांची चळत लावलेली एक खोली होती. ठोक्या तिथे घामाने निथळत बसला होता. दादा आत आला, त्याने डाव्या हाताने दार लावलं आणि एक खुर्ची ओढून समोर बसला.

"दुसरा कुठे गेला?" त्याने विचारलं.

"काय दुसरा?"

"दुसरा ठोका. त्या दिवशी तर आला होता."

ठोक्याने उजवा पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"मशीनच्या मागे उभं राहिलं की दोन खांबांमधून काय दिसतं माहितीय? तुझा बूट," दादा म्हणाला. "इतकी वर्षं मी तोच बघून हात घालत होतो. त्या दिवशीही बघत होतो. बूट खाली गेला आणि वर येता येता परत दबला. मला कळलं होतं. हात निघाला नाही, एवढंच."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? भावाने मारलं म्हणून? तुझी नोकरी जाईल, पोलीस येतील, आणि तू परत ड्रमला हात लावणार नाहीस. बोटं तर गेलीच होती. म्हटलं, पोराचा पाय तरी राहू दे."

ठोक्या लहान मुलासारखा रडायला लागला. "दादा, मला माफ कर. मी रोज सांगणार होतो रे."

दादाने त्याला जवळ घेतलं नाही. इतक्या महिन्यांचा राग आता त्याच्या आवाजात आला होता. "माफी नको मला. तुझी वहिनी रोज त्या मशीनला शिव्या घालते आणि मी रोज हो म्हणतो. कोणासाठी? वाजव. आत्ता, माझ्यासमोर वाजव."

"इथे ड्रम कुठाय?"

"जमिनीवर वाजव. बसमध्ये वाजवायचास ना?"

ठोक्याने डोळे पुसले आणि उजवा पाय पुढे घेतला. दादा खाली वाकून बुटाकडे बघत होता. टाच आपटली. पाऊल तिथेच राहिलं. ठोक्याने दात आवळून पुन्हा पाय टाकला. टाच आपटली, चवडा हलला नाही. तिसऱ्यांदा टाकायला लागला तेव्हा दादाने अंगठ्याने आणि करंगळीने त्याचा गुडघा धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "म्हणजे तेही गेलं."

बाहेर घोगरा सामान आवरत होता, तारा गुंडाळल्याचा आवाज येत होता. मग दादा उठला, त्याने खुर्ची पुन्हा चळतीवर ठेवली आणि दाराशी जाऊन थांबला.

"वहिनीने विचारलं तर पेडल बिघडलं होतं म्हणून सांग," तो म्हणाला. "मी हो म्हणेन."