केसरसिंग म्हणाला, बिख लागलं

“तुमच्या हृदयाला काहीही झालेलं नाही,” सोलापुरातले डॉक्टर म्हणाले. दवाखान्याचा जिना त्यांनी मला दोनदा धावत चढायला लावला होता आणि मी धापा टाकत असतानाच मनगट धरलं होतं. दुखणं खरं असतं तर श्रमानं ठोका आणखी बिघडला असता, म्हणे. माझा उलट सुरळीत झाला. अधूनमधून चुकतो त्याला एक्स्ट्रासिस्टोल म्हणतात. एक ठोका घाईनं आधीच पडतो, मग हृदय जरा थांबतं, आणि आपला जीव उगाच खालीवर होतो. धडधाकट माणसालाही तसं होतं.

मूळ दुखण्याचं नाव माउंटन सिकनेस. उंचावर हवा विरळ, ती छातीला पुरत नाही. डोकं ठणकतं, अन्न नको होतं, ओकाऱ्या येतात, बसल्या जागी नाडी धावते. औषध एकच, खाली उतरणं. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, तिकडचे लोक याला काय म्हणतात?

मला एकच शब्द ठाऊक होता. “बिख,” मी म्हणालो, आणि तो तोंडातून बाहेर पडताच माझा स्वयंपाकी केसरसिंग तेव्हा काय सांगत होता ते मला कळलं.

ज्यांची बदली त्या बाजूला होणार असेल, त्यांनी हे नीट वाचावं. मी तारमास्तर. जन्म माढ्याकडचा, तिथं चढ म्हणजे फार तर विहिरीचा. बढती मिळून हिमालयातल्या एका खिंडीखालच्या तार-ऑफिसात नेमणूक झाली, तेव्हा हजर व्हायची कोण घाई! स्वयंपाकाला पायथ्याशीच केसरसिंग नावाचा गढवाली माणूस ठेवला. वाटेत दोन दिवस थांबू या, असं तो परोपरीनं सांगत होता. मी त्याला साहेब कोण ते ऐकवलं आणि खेचर पुढं हाकलं.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आडवा झालो. तारवाल्याची खोड, मी नाडीवर बोट ठेवून अक्षरं वाचायला बघायचो. कडकट्ट, कडकट्ट, मग एकदम काहीच नाही. वर आम्ही दोघंच, मराठी कळणारं एक माणूस नव्हतं, तेव्हा त्या नाडीशीच मी मराठीत बोलायला लागलो. एवढं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्यातच बर्फानं तार तुटली.

केसरसिंग उशाशी बसून वाटीनं पेज पाजत होता. माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, “बाबूजी, बिख लगा है. नीचे चलो.”

आमच्याकडं विषाला इख म्हणतात. मी त्याच्या हातातल्या वाटीकडं पाहिलं. विष घालणारा आपल्या तोंडानं कशाला सांगेल, एवढी साधी अक्कल तेव्हा चालली नाही. मला खाली न्यायचं म्हणून तो हात धरून ओढू लागला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. त्याचं गाठोडं मीच दाराबाहेर फेकलं. त्यानं शेगडीजवळ लाकडं रचून ठेवली आणि तो गेला.

तीन दिवस मी एकटा पडून होतो. उठवत नव्हतं, पाणीही पोटात ठरत नव्हतं. मरणार याची खात्री होती. वाईट एवढंच वाटायचं, की मेल्याचंही कुणाला लवकर कळणार नाही.

चौथ्या दिवशी खालच्या ऑफिसची माणसं आली. तार जोडायला आलेत, असं मी धरून चाललो. त्यांनी मला डोलीत घालून उतरवलं. दोन दिवसांत डोक्याचा ठणका उतरला, भूक लागली. चुकणारा ठोका तेवढा राहिला, म्हणून रजा घेऊन सोलापूर गाठलं.

इथं आईनं गल्लीभर केलं होतं, “माज्या लेकाला इख घातलं हुतं की त्या मेल्यानं!” मी माना डोलवत होतो. दवाखान्यातून आल्यावर तिला खरं सांगितलं.

“मंग आता त्याला कोन सांगनार?” एवढंच म्हणाली.

मी खालच्या ऑफिसला पत्र लिहून केसरसिंगचा पत्ता विचारला. तार जोडायला आलेल्या माणसांचे आभारही मानले. तिथल्या मास्तरांचं उत्तर महिन्यानं आलं. तार पुढं आठ दिवसांनी जोडली, असं त्यांनी लिहिलं होतं. ती माणसं माझ्यासाठीच पाठवली होती. केसरसिंग बर्फातून चालत खाली आला, पायांची बोटं काळीनिळी पडली होती. डोली निघेपर्यंत तो ऑफिसच्या दारातून हलला नाही. बाबू भला माणूस आहे, आमची बोली त्याला कळत नाही, असं सगळ्यांना सांगत होता. डोली वर निघाली आणि तो गावी गेला. गाव कुणालाच माहीत नाही.

पत्र मी आईला वाचून दाखवलं. पुढचं वाचवेना, तेव्हा ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तर मंडळी, चढायचं ते सावकाश चढा, आणि तिथला माणूस थांब म्हणाला की थांबा. वाटेत केसरसिंग नावाचा कुणी भेटला, तर माझं एक काम करा. डोली परत येण्याआधीच तो गेला होता, त्याला काहीच ठाऊक नसणार. त्याला सांगा, सोलापूरचा बाबू जगला.