ताडपत्रीखालची बाळंतीण

त्या हिवाळ्यात आमच्या गावाखालची जमीन गुरगुरायला लागली आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, सगळ्या घराला अंगणात काढलं. मी नांदेडला शाळेत शिकवते. धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून रजा टाकून निलंग्याकडच्या आमच्या गावी गेले होते. बाळ सहा दिवसांचं होतं तेव्हा पहिला आवाज झाला. भरलेली ट्रॉली घराखालून जावी तसं काहीतरी गडगडत गेलं, मांडणीवरची भांडी वाजली आणि मग सगळं गप्प झालं.

त्याच संध्याकाळी अण्णांनी लिंबाला ताडपत्री बांधली, तिन्ही बाजूंनी कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या आणि हुकूम सोडला, "आजपासून घरात कुनीबी निजायचं न्हाई."

यावर वाद घालायची सोय नव्हती. किल्लारीच्या भूकंपात आमची थोरली बहीण गेली होती. ती दीड वर्षाची होती, मी अजून जन्मायची होते. ती कशी गेली हे आम्हा दोघींना कुणी कधी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही. आईअण्णांनी आपापसातही तो विषय कधी काढलेला मी ऐकला नव्हता. एवढं दिसायचं की नव्या घरावर अण्णांनी मातीचं जड माळवद न घालता पत्रे घातले, आणि झोपणाऱ्याच्या डोक्यावर साधी फळीसुद्धा ठोकू दिली नाही.

तालुक्याहून साहेब आले. घाबरू नका पण सावध राहा, असं म्हणाले आणि गाडीत बसले. घाबरल्याशिवाय सावध कसं राहायचं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. आईनं माझा पदर ओढला, म्हणून साहेब वाचले.

पेच साधा होता आणि त्यातून सुटका नव्हती. बाळाला आत ठेवावं तर भिंतींची भीती, बाहेर ठेवावं तर थंडीची. ती थंडीही अशी की सकाळी ताडपत्रीवरून पाणी निथळायचं. आई बहिणीच्या डोक्याला घट्ट फडकं बांधायची, खाटेखाली शेगडी सरकवायची, ओव्याची धुरी द्यायची, आणि हे सगळं करताना अण्णांना ऐकू जाईल इतक्या आवाजात पुटपुटायची, "बाळंतिनीला उघड्यावर ठिवलेलं बगितलं न्हवतं बाई कुटं!"

मी आईच्या बाजूनं होते. मला अण्णांचा राग यायचा. त्यांचं दुःख मोठं होतं हे मान्य, पण त्याचा गारठा या लेकरानं का सोसायचा?

तरीही खरं सांगते, त्या अंगणात मजा आली. शेजारच्या काकूंची ताडपत्री आमच्या ताडपत्रीला लागून होती, त्यामुळे काका किती घोरतात हे सगळ्या आळीला कळलं. अण्णा शेतातून येताना ज्वारीची कणसं आणायचे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे आणि गरम हुरडा तळहातावर चोळून पहिली मूठ बहिणीपुढं धरायचे. आई ओरडायची, "लेकराचं पोट धरंल!" मग बहीण चार दाणे खायची आणि उरलेले मीच फस्त करायची. दुपारी आई आणि काकू जमिनीवर घरं आखून चिंचोक्यांनी खेळायला बसायच्या. आई बिनदिक्कत लबाडी करायची आणि सापडली की खुदुखुदु हसायची. तिला अशी हसताना मी कधी पाहिलं होतं ते मला आठवेना. बाळानं जांभई दिली तरी आम्ही हातातली कामं टाकून बघायला जमायचो. मध्येच खालून गडगड व्हायची आणि सगळ्यांचे हात जिथल्या तिथं थांबायचे. अण्णा मात्र आधी बाळ कुठं आहे ते बघायचे, मग आम्हाला.

बाळ वीस दिवसांचं झालं आणि खोकायला लागलं. निलंग्याचे डॉक्टर म्हणाले, छातीत भरलंय, उबेत ठेवा.

"ऊब देतो की मी," अण्णा म्हणाले. "अजून चार पेंढ्या लावतो."

"पेंढ्या काय लावता? लेकरू हाय का वासरू?" आई कडाडली. अण्णांवर तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "बारसं दोनदा फुडं ढकललं. उंद्या पाळना घरातच बांधनार. आन् एकदा आत गेलेलं लेकरू पुन्यांदा बाहेर येनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं सताड उघडी ठेवायला लावून अण्णा समोर लिंबाखाली बसले. गेल्या पंधरा दिवसांत त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

आत आम्ही बायकांनी पाळणा बांधला. आमच्यात बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याचा मान असतो. काकूंनी वरवंटा धुतला, त्याला तेल आणि काजळ लावलं, कुंची घातली आणि पाळण्यात निजवला. नाव ठेवायला बाळाची आत्या उदगीरहून निघाली होती, पण बस काही येईना. बाळ भुकेनं रडायला लागलं, तशी बहीण त्याला घेऊन मागच्या दारानं उन्हात जाऊन बसली. अण्णांना ते दिसलं नाही. त्यांना समोरून फक्त पाळणा आणि कुंची दिसत होती.

आणि खालून गडगडलं. यावेळी पायाखालची जमीन हलली, पत्रे थडथडले, पाळणा आपोआप झुलला. आम्ही सगळ्या किंचाळत मागच्या दारानं पळालो. मी वळून पाहिलं, तर अण्णा पुढच्या दारानं आत शिरत होते.

"अण्णा, नका!" मी ओरडले.

ते कुंची छातीशी धरून धावत बाहेर आले आणि अंगणाच्या मधोमध गुडघ्यांवर बसले. कुंचीवर ओणवे झाले, पाठ वर करून. एव्हाना सगळं शांत झालं होतं आणि आम्ही घराला वळसा घालून पुढं आलो होतो.

"अवं भाऊजी, वरवंटा हाय त्यो!" काकू हसत सुटल्या. मलाही हसू फुटलं. बहीण बाळाला घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. अण्णांनी बाळाकडं पाहिलं, मग कुंचीचे बंद सोडले. आतून काजळ लावलेला दगड निघाला. तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही. कुंची पुन्हा त्याच्याभोवती गुंडाळली, तसं माझं हसू थांबलं.

आई त्यांच्याजवळ मातीत बसली.

"त्या भूकंपाच्या राती मला वाटलं, लेकरू तुझ्यापाशी हाय," अण्णा म्हणाले.

आईनं कुंचीवरची माती झटकली. मग म्हणाली, "मलाबी तसंच वाटलं. तुमच्यापाशी हाय म्हून."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मला हुंदका आवरला नाही.

आईनं त्यांच्या हातातून वरवंटा काढून घेतला. "उठा. थंडी वाजायलीय लेकराला. तुमीच न्या आत."

अण्णांनी बाळाला घेतलं आणि ते उंबऱ्याकडं चालायला लागले. त्यांच्या मागून आई निघाली, कुंचीतला वरवंटा कडेवर घेऊन.