रफूकाकांचा दीड दिवस

दूध वर यायच्या बेतात होतं. हे एक मोजा हातात घेऊन दुसऱ्याच्या शोधात घरभर फिरत होते आणि सासूबाई टेबलाशी बसून, वर्तमानपत्राची मधली पानं कुणी पळवली याची चौकशी करत होत्या. तेवढ्यात दारावर टकटक झाली. आमच्या दाराला घंटा आहे आणि ती वाजतेही. पण तळमजल्यावरचे रफूकाका तिला हात लावत नाहीत. बोटाच्या पेरानं दोनदा ठोकतात आणि एक पायरी खाली उतरून उभे राहतात, जणू सहज जाता जाता थांबलेत.

"ताई, कामात आहात?"

सकाळी पावणेआठला या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं! "आहे, पण या," म्हटलं आणि गॅस बंद केला.

काकांच्या हातात शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा होता. त्यावर पेन्सिलीनं चौकोन आखलेले. दुसऱ्या हातात सहल कंपनीचं रंगीत पत्रक, चार घड्या घातलेलं. मी समजले. गेले पंधरा दिवस सगळ्या इमारतीत याच सहलीचा विषय चालू होता.

काकांना रफूकाका म्हणतात ते त्यांच्या कामावरून. त्यांचं खरं नाव पोस्टमनला माहीत असावं. जिन्याखालच्या जागेत त्यांचं दुकान. त्यात एक बाक, एक मान वाकवता येणारा दिवा, एक भिंग आणि भिंतीला लावलेल्या खुंट्यांवर लोकांचे कोट. फाटलेला, जळलेला, कसर लागलेला कपडा तिथं जातो आणि काहीच न झाल्यासारखा परत येतो. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात यांनी आपल्या नव्या कोटाच्या बाहीला सिगरेटनं भोक पाडलं होतं. सासूबाईंना कळायच्या आत मी तो खाली नेला. काकांनी कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे ओढून काढले आणि भोकावर एकेक करून विणले. चार दिवसांनी कोट परत आला. भोक उजव्या बाहीला होतं की डाव्या, यावर आमचं अजून एकमत नाही. सासूबाईंना तर ही गोष्ट ठाऊकच नाही, असं आजवर आम्ही धरून चाललो होतो.

या धंद्याचं एक दुखणं आहे. काम चांगलं झालं तर ते दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्याचं कौतुक कोण करणार? गिऱ्हाईक कोट उजेडात धरतं, "कुठं होतं बरं ते?" म्हणतं आणि निघून जातं. काका त्यावर खूश असतात. पण त्यांना शिकवणारे त्यांचे चुलते गेले, बाजारातला दुसरा रफूगार दुकान विकून मुलाकडे राहायला गेला, आणि धागा असा का वळवला, तसा का नाही, हे बोलायला काकांना माणूस उरलं नाही. आता डावा डोळाही अंधुक झालाय. काळ्यावर काळा धागा दिसत नाही म्हणून या महिनाअखेर ते दुकान बंद करणार आहेत. त्यांच्या मुलीनं आईवडिलांना परदेशची सहल भेट दिली ती याच निमित्तानं. तेवीस जणांचा गट, नऊ दिवस, पाच शहरं.

"बसा. चहा?" मी विचारलं.

"नको. आधी हे बघा." त्यांनी पुठ्ठा टेबलावर ठेवला. "गटाच्या विमानात दोन जागा कमी पडल्या, ते सांगितलं ना तुम्हाला? आम्हाला आधीच्या विमानानं धाडतायत. सोमवारी दुपारी पोचतो. गट येणार बुधवारी पहाटे. मधला दीड दिवस मोकळा."

"मग चांगलंच की! बाकीच्यांच्या आधी शहर बघून होईल तुमचं," हे आतून ओरडले. मोजा अजून एकच होता.

"शहर नाही हो. घोडा."

सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "घोडा बघायला एवढ्या लांब?"

हा घोडा मला ठाऊक होता. काही वर्षांपूर्वी इतिहास शिकवणाऱ्या एका निवृत्त बाईंनी काकांना शाल दुरुस्तीला दिली होती. शाल नेताना त्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक दुकानात विसरल्या आणि मग "राहू दे तुमच्याकडेच" म्हणाल्या. त्यात एका संग्रहालयातल्या विणलेल्या पडद्याचं पानभर चित्र आहे. भिंतभर मोठा पडदा, शिकारीचा देखावा, खालच्या कोपऱ्यात एक घोडा. त्या घोड्याच्या मागच्या पायाशी पडदा कधीतरी फाटला होता आणि कुणीतरी तो रफू केला होता. चित्राखालच्या तीन ओळी मीच काकांना वाचून दाखवल्या होत्या: दुरुस्ती जुनी, सुमारे तीनशे वर्षांपूर्वीची, कारागीर अज्ञात.

पण काका अडकले ते त्या तीन ओळींत नाही. सगळे रफूगार धागा उभा-आडवा घालतात. या माणसानं तो तिरका घातला होता. भिंगातून चित्रात तेवढं दिसतं. तिरका धागा कपडा ओढतो, चुण्या पडतात. हा तीनशे वर्षं सपाट बसलाय. काकांनी जुन्या लोकरी तुकड्यांवर तसं करून पाहिलं, सतरा वेळा. सतराही तुकडे मुरडले. आणि मुलीनं निवडलेल्या सहलीचं पहिलंच शहर नेमकं त्या संग्रहालयाचं निघालं.

"पण गटाबरोबर बघालच की," सासूबाई म्हणाल्या.

काकांनी पत्रक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. मी मोठ्यानं वाचलं. "संग्रहालय, बाहेरून पाहणे. फोटोसाठी वीस मिनिटे."

"म्हणजे घोड्याच्या घराचा दरवाजा बघायचा आणि यायचं," हे म्हणाले. दुसरा मोजा एकदाचा सापडला होता, त्यामुळे सुचायला लागलं होतं.

मी पुठ्ठा जवळ ओढला. मंगळवारचे चौकोन गच्च भरलेले होते. साडेनऊ ते दीड संग्रहालय. दीड ते दोन खाणे. दोन ते तीन नाव. तीन ते चार बाग. शहरातल्या नदीत नावेतून फेरी मारायची ही काकूंची एकुलती एक मागणी, तिला एक तास. घोड्याला चार. सोमवारच्या रकान्यात मात्र उभी रेघ आणि एकच शब्द: बंद.

"हे काय?"

"सोमवार ना," काका म्हणाले, सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं तसं. "सोमवारी कोण उघडं ठेवतं? म्हणून तर देवाचे आभार मानले, मोकळा दिवस मंगळवार आला."

आमचा बाजार सोमवारी बंद असतो. बेचाळीस वर्षं काकांनी सोमवारी दुकान उघडलेलं नाही. त्यांच्या हिशेबी सगळ्या जगातल्या दुकानांना सोमवारी फळ्या लावलेल्या असतात. मी हसू आवरलं आणि फोनवर संग्रहालयाचं पान उघडलं. तिथं वेळा होत्या, मजल्यांचा नकाशा होता आणि वर ठळक अक्षरांत एक सूचना होती. ती मी दोनदा वाचली.

"काका, संग्रहालय मंगळवारी बंद असतं."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पुठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "दर मंगळवारी?"

"दर मंगळवारी."

"त्यांचा बाजार मंगळवारी बंद होय!" आवाजात तक्रार नव्हती. कापड समजून घ्यायला आपण चुकलो, एवढाच सूर. पेन्सिल खिशातून काढली आणि पुन्हा खिशात ठेवली.

सासूबाईंना राहवलं नाही. "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? पाच शहरं आहेत. एका चिंधीपायी..."

"चिंधी नाही मावशी," काका हळूच म्हणाले. "मला फक्त विचारायचं होतं त्याला."

'त्याला' म्हणजे घोड्याला नाही, हे सासूबाईंनाही कळलं असावं. त्यांनी मधली पानं न मागता वर्तमानपत्र वर केलं.

मी मात्र फोन सोडला नव्हता. मंगळवारी बंद, तर सोमवारी? सोमवारी उघडं. पाचला बंद, शेवटचा प्रवेश सव्वाचारला. "विमान किती वाजता उतरतं?"

"पाऊण."

आम्ही दोघं पुठ्ठ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडायला बसलो. पाऊणला उतरायचं. रांग, शिक्का, सामान, दोन वाजले. गाडीनं शहरात, पावणेतीन. हॉटेल शहराच्या पार पलीकडे, साडेतीन. खोली मिळून बॅगा टाकेपर्यंत पावणेचार. तिथून परत उलटं यायला पाऊण तास. साडेचार.

"पंधरा मिनिटांनी हुकतं," काका म्हणाले.

"हॉटेलवर न जाता थेट गेलात तर तिकिटाची रांग धरूनही सव्वातीनला आत असाल. पण मोठ्या बॅगा आत घेत नाहीत. हातातली छोटी असेल तर ठेवून घेतात."

"हिची बॅग..." एवढंच बोलून काका थांबले, कारण जिन्यात चपला वाजल्या होत्या आणि मागोमाग काकू दारात.

"चहा गार झाला, त्याच्यावर साय धरली, ती मांजरानं खाल्ली! दोन मिनिटांत येतो म्हणून गेलात, अहो, पाऊण तास झाला. काय चाललंय? घोडाच ना?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मंगळवार, सोमवार, बॅगा. काकू कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. मला त्यांची बॅग माहीत होती. आदल्याच आठवड्यात ती बंद करायला मी तिच्यावर बसले होते. दोन कोट, तीन जोडी बूट, तेवीस जणांसमोर रोज नवं घालायची तयारी. काकांनी त्या बॅगेबद्दल चकार शब्द काढला नाही. पुठ्ठ्याच्या कडेचा कागद तेवढा नखानं सोलत राहिले.

"तुम्ही काही बोलू नका हं," काकू त्यांना म्हणाल्या.

"मी कुठं बोलतोय?"

"तेच तर! न बोलता बोलता तुम्ही." त्या बोटं मोजत माझ्याकडे वळल्या. "नऊ दिवस. छोट्या बॅगेत किती मावतं गं?"

"अंगावर एक कोट घातलात तर चार जोड मावतील. धुता येतील ना मध्ये."

"परदेशात जाऊन कपडे धुवायचे?" काकूंनी मोठा श्वास सोडला. "बरं. धुईन. नाही, हे धुतील. आणि ऐका हो, मी आत येणार नाही. गुडघ्यांना तुमचा घोडा परवडत नाही. दारात बाक असेल तिथं बसेन. पण मंगळवार माझा. नावेत सकाळी एकदा, दुपारी एकदा. शेजारी बसायचं, पाण्याकडे बघायचं आणि लोकांच्या कोटाच्या बाह्या बघायच्या नाहीत."

"नाही बघणार."

"बघाल. पण निदान बोलून दाखवू नका. गेल्या वर्षी भाचीच्या सासऱ्यांना भर पंगतीत सांगितलंत, तुमच्या कोपराला कुणीतरी घाण काम केलंय म्हणून."

हे मोठ्यानं हसले. सासूबाई वर्तमानपत्राआडून म्हणाल्या, "आमच्या घरातल्या कोटांचं काही सांगू नका म्हणजे झालं." मी आणि यांनी एकमेकांकडे बघितलंच नाही.

काकू चहा नव्यानं टाकायला खाली गेल्या. हे कामाला गेले. मी दूध पातेल्यातून भांड्यात ओतलं. काकांनी नव्या बाजूचं वेळापत्रक स्वच्छ उतरून काढलं: सोमवार सव्वातीन ते पाच, एक ओळ. मंगळवार, नाव, नाव. मग पुठ्ठा काखेत धरून उठले, दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याशी थांबले. पेन्सिल कानामागं लावली, काढली, परत लावली.

"ताई, तुम्हाला त्यांच्या भाषेत पत्र लिहिता येईल? त्या संग्रहालयाला?"

"इंग्रजीत लिहीन. चालतं त्यांना. काय लिहू? तिकीट?"

"तिकीट आम्ही काढू. ते नको." त्यांनी तळहात उलटा केला आणि पुन्हा सुलटा केला. "समोरून मला काही कळायचं नाही. जे समोरून दिसतं ते चित्रातही आहे. त्यानं धागा कुठं वळवला, गाठ मारली की नाही मारली, ते पाठीमागं असतं. असं लिहा की, एक रफूगार येतोय, सोमवारी सव्वातीनला. घोड्याच्या पायाशी पडद्याचा खालचा कोपरा आहे. तो तुमच्या माणसानं चार बोटं उचलून मला मागची बाजू दाखवावी. दोन मिनिटं. मी हात लावणार नाही."