मोराच्या दोन कड्या

"कोनी टांगला ह्यो मोर? माजे आयचा पाय चिरलाय! कोनी टांगला, सांगा!"

गव्हाणचे नामदेवशेठ आमच्या काचकामाच्या शेडच्या दारात उभे राहून ओरडत होते. हातात गोणपाट, त्यात फुटक्या काचा. आठच दिवसांपूर्वी आम्ही त्यांच्या नव्या बंगल्याच्या खिडकीत रंगीत काचांचा मोर टांगला होता. तो त्या सकाळी साखळ्यांवरून सुटला – आणि खाली त्यांची म्हातारी आई तांदूळ निवडत बसली होती.

त्यानंतर शेडमध्ये काय झालं ते मी आजवर एका माणसाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. म्हणजे – मोर पडल्याची गोष्ट मी पनवेलच्या एकूण एक चहाच्या टपरीवर सांगितली आहे, हातवारे करून, लोकांना खोकला लागेपर्यंत हसवून. पण ती गोष्ट वेगळी. तुम्ही मला ओळखत असाल तर ठाऊक असेल, कर्नाळ्याच्या जंगलात मी एका बिबट्याला विडी दिली होती आणि त्याने ती शेवटपर्यंत ओढली होती. माझ्या तोंडात म्हातारीच्या अकरा टाक्यांचे चाळीस झाले. अकराच होते. आज वाढवून सांगणार नाही. पण मी वाढवत नाहीये, हे तुम्हाला कळणार तरी कसं?

काम कसं असतं ते आधी सांगतो. काचेचा तुकडा कापला की त्याच्या कडेभोवती तांब्याची पातळ पट्टी चिकटवायची, लाकडाच्या काडीने घासून घट्ट बसवायची. मग तुकडे शेजारी शेजारी मांडून पट्ट्यांवर कथलाचं सोल्डर वितळवायचं, की झाला जोड. पट्ट्यांचं काम हिराचं. डोंगराच्या पायथ्याच्या कातकरी वाडीवरून चालत यायची. आल्या आल्या साबणाने हात धुवायची, पुसायची, पुन्हा धुवायची – मग पट्टीला हात. तिच्या पट्टीला सुरकुती म्हणून सापडायची नाही. दर दिवाळीनंतर नवऱ्यामागे वीटभट्टीवर जाणारी बाई ही. आमच्याकडे लागली आणि दोन वर्षं भट्टी सुटली. वर्षभर वाडीवर राहायला मिळालं म्हणून तिची पोरगी शाळेत टिकली, तिसरीत गेली. ती नोकरी म्हणजे तिच्यासाठी एवढं होतं. हे मला माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं, मला 'दादा' म्हणून.

बाहेरच्या कडांना सोल्डर देणं आणि टांगायच्या कड्या बसवणं – ते माझं. त्यात एकच मेख आहे. तांब्याची पट्टी काचेला गोंदानेच चिकटलेली असते. नुसत्या कडेवर कडी लावली तर सगळं वजन त्या गोंदावर येतं. आज ना उद्या पट्टी सोलून निघणार. म्हणून दोन काचांमधला जोड जिथे कडेपर्यंत येतो तिथेच कडी लावायची आणि तिच्या तारेचं शेपूट त्या जोडात खोल उतरवायचं. एवढंच. मुंबईच्या उस्तादाने मला हे पहिल्याच दिवशी शिकवलं. मी मात्र शेडमध्ये कुणाला शिकवलं नाही. कडी लावताना मंत्र म्हणावा लागतो, सांगायचो, आणि सगळ्यांना पाठ फिरवून उभं करायचो. लोक हसायचे, पण पाठ फिरवायचे. हिरा तर डोळेही मिटायची.

मोराचे जोड वरच्या कडेला वेडेवाकडे आले होते. एक डाव्या कोपऱ्याजवळ, दुसरा जेमतेम मधोमध. तिथे कड्या लावल्या असत्या तर मोर कलून टांगला गेला असता. उपाय होता – सगळ्या कडेभोवती जाड तार फिरवायची, जोडाजोडांत उतरवायची. अर्ध्या दिवसाचं काम. पण बाहेर टेम्पो उभा, शेडमध्ये सगळे माझ्याभोवती जमलेले, आणि बिबट्याची गोष्ट ऐन रंगात आलेली. मी दोन्ही बाजूंनी सारखं अंतर धरलं आणि कोऱ्या कडेवर दोन कड्या चिकटवून टाकल्या. वर म्हणालो, "याला हत्ती लोंबकळू दे!" चूक करतोय हे कळत होतं का? कळत होतं. सोल्डरचं तापलेलं आयर्न उचलतानाच कळत होतं.

तर – नामदेवशेठ ओरडत होते. शेडच्या मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी गोणपाटात हात घातला आणि एक कडी काढली. कडीला वीतभर पट्टी लोंबत होती, आतून स्वच्छ, काचेवरून सोललेली. आणि मग माझं तोंड सुरू झालं – हेच तोंड. म्हटलं, बघा शेठ, माझं सोल्डर सुटलंय का? कडी पट्टीला अजून घट्ट आहे. सुटली ती पट्टी. पट्टी कोण लावतं?

इथे थांबलो असतो तरी पुरेसं झालं असतं. नाही का? पण मला गोष्ट अर्धी सोडता येत नाही. सांगितलं, ही बाई दुपारी सुकट खाते आणि तशाच तेलकट हातांनी पट्टीला बसते, मग गोंद धरणार कसा? म्हटलं, दहादा बजावलं हिला. मी पाहिलंय, शेठ, तिच्या बोटांवर तेल चमकताना पाहिलंय! साफ खोटं. पण कातकरणीचे हात म्हटल्यावर पुरावा कोण मागतो? मला ते माहीत होतं. म्हणूनच ते खोटं निवडलं.

हिरा कोपऱ्यात उभी होती. तिने हळूच उजवा हात नाकाशी नेला आणि बोटं हुंगली.

मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नको. म्हातारीच्या पायाला टाके पडले होते. कुणाला तरी घालवायला हवंच होतं. दिवाळीनंतर हिरा भट्टीवर गेली. पोरगीही गेली, विटा उलटायला. मी? माझा पगार वाढला. कड्या लावणारा मी एकटाच तर होतो.

सहा वर्षांनी घर बांधायला काढलं. विटा बघायला एका भट्टीवर गेलो, तर चिखलाच्या ढिगाशी हिरा. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. काडीने चिखलात रेघा ओढून दाखवलं – हा जोड, इथे कडी हवी होती, मी इथे लावली. मंत्र-बिंत्र काही नसतो. तुझी पट्टी चांगली होती. मी खोटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट मी जशीच्या तशी सांगत होतो.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चिखलाचे हात लुगड्याला पुसत म्हणाली,

"नाय दादा. माजाच हात तेलकट व्हता."