मार्थामावशीचं वाचन

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीच्या लिलावाला उभा होतो, तेव्हा मावसभाऊ शमुवेलचा फोन आला. "दादा, आई गेली," एवढंच तो बोलला... मावशीच्या गावी, डोंगरकड्याला पोचलो तेव्हा मार्थामावशीला बाजेवर निजवलं होतं. उशाशी तिचं पवित्र शास्त्र, बायबल, होतं, पानांच्या कडा हाताळून मऊ झालेलं. महिना उलटला, आता कुठे लिहायला बसलोय.

लग्न होऊन आली तेव्हा मावशीला अक्षर येत नव्हतं. गावात ख्रिस्ती घरं मोजकी, प्रार्थनाघर पत्र्याचं, आणि शास्त्र वाचू शकणारे एकच म्हातारबा. एका रविवारी ते आजारी पडले. लोकांनी गीतं गायली, प्रार्थना केली आणि शास्त्र न उघडताच उठले. "ताट वाढलेलं असून आमी उपाशी घरी आलो," मावशी माझ्या आईला म्हणाली. त्यानंतर ती बाजाराच्या दिवशी हिंगोलीला आमच्याकडे येऊ लागली. आई तिला बाराखडी शिकवायची. पुढच्या नाताळाला मावशी प्रार्थनाघरात वाचायला उभी राहिली. अडखळली, घाम पुसला, पण अध्याय पुरा केला.

शेजारच्या कमलबाई बौद्ध. निंदणीला दोघी बरोबर जायच्या. "मार्थाबाई, मलाबी शिकव," त्या म्हणाल्या. घरात दुसरं पुस्तक नव्हतं, म्हणून कमलबाई शास्त्रातल्या शुभवर्तमानावरच वाचायला शिकल्या, आणि मग विहारात आपला ग्रंथ वाचू लागल्या. ख्रिस्ती मंडळीतल्या एकानं मावशीला टोकलं, "एवढं शिकवलंस, आली का ती आपल्यात?" मावशी शांतपणे म्हणाली, "मी अक्षर शिकवलं, सौदा न्हाई केला." विहारात कमलबाई पहिल्यांदा वाचणार होत्या, तेव्हा मावशी ऐकायला पुढे जाऊन बसली होती.

तिची नजर मंदावली तेव्हा मी मोबाइलवर सगळं शास्त्र ऐकायची सोय करून दिली. दोन दिवस तिनं मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "आवाज गोड हाय, बाबा. पण ह्ये पुढंच पळून राहिलं. मला एका शब्दापाशी बसायचं असलं तर?" मी मोठ्या अक्षरांचं शास्त्र आणून दिलं. तिचं बरोबरच होतं. बोललेलं वाऱ्यावर जातं; लिहिलेलं आपली वाट बघत थांबतं, आपण रडून आलो असू की भांडून.

दफनाच्या वेळी पाळकांनी तिचं आवडतं स्तोत्र वाचायला शमुवेलला सांगितलं. दोन ओळींनंतर त्याला पुढे वाचवेना, त्यानं मावशीचं जुनं शास्त्र माझ्यापुढे धरलं. मी ते हातात घेतलं, पण मला अक्षरं दिसेनात. तेव्हा कमलबाई पुढे आल्या. "आण इकडं. ह्याच्यावरच शिकले मी," म्हणाल्या, आणि संथ, ठाम आवाजात शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. पाळक मान खाली घालून ऐकत होते. ते वाचन ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, मावशीचं वाचन तिच्यावाचून अडून राहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. शमुवेलच्या बायकोनं घराला नवा रंग दिलाय, फक्त ओसरीची एक भिंत सोडून. कमलबाईंपासून पुढे मावशीकडे शिकलेल्या प्रत्येक बाईनं तिथं कोळशानं आपलं नाव लिहिलंय, कुणाची वेलांटी उलटी, कुणाचा काना तिरपा. सगळ्यांत वर मावशीचं... मार्था.